लाल विटांच्या देवळात तीन रविवार

इंग्लंडहून परत आल्यावर विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात जो भेटे तो एकच विचारी, "काय काय बघितलंत?" मी खरं ते सांगे: एक चर्च. समोरचा क्षणभर थांबे, राणीचा राजवाडा, ते मोठं घड्याळ, नदीवरचा उघडणारा पूल यांची वाट पाही आणि मग "बरं बरं" म्हणून वरच्या मजल्यावर निघून जाई. राजवाडा आणि घड्याळ आम्हीही पाहिलं. एका दिवसात उरकलं. कॅलेंडरावर दिसतात तशीच आहेत ती, त्यांच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. चर्चबद्दल आहे. जिन्यात ज्यांना सवड नव्हती त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

निघण्याआधी

आमची मनीषा फिजिओथेरपिस्ट. नोकरीसाठी ती इंग्लंडला गेली आणि लंडनच्या उत्तरेला एका उपनगरात राहू लागली. दोन हजार दोनच्या पावसाळ्यात तिचा फोन आला की तिला लग्न करायचं आहे आणि मुलाचं नाव पीटर. तो शाळेत भूगोल शिकवतो. लग्न तिथल्या चर्चमध्ये होणार, आणि त्याआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं सगळ्यांसमोर वाचून 'कुणाची हरकत आहे का' असं विचारणार. वसईतल्या कॅथलिक गावांतही लग्नाआधी देवळात (चर्चला तिथे देऊळच म्हणतात) अशी नावं पुकारतात हे मी ऐकून होतो. तेव्हा ती ऐकायला आपण कधी बसू असं वाटलं नव्हतं.

आमचं मूळ गाव वसईतच, कामणच्या खाडीला लागून. थोरला भाऊ, भाऊदादा, तिथे भातशेती बघतो. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, म्हणून विरारला फ्लॅट घेतला. दादाला सांगायला गावी गेलो. पीटर हे नाव ऐकून तो दचकला नाही. वसईत पीटर काय, पायलीला पन्नास.

"कोनत्या पाड्याचा?" त्याने विचारलं.

"इकडचा नाय. तिकडचा, इंग्लंडचा."

दादाने विडी पेटवली. मी त्याला रविवारी नावं पुकारण्याचं सांगितलं. हरकतीचा प्रश्न ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. "मंग आपल्यासारखाच हाय की! तू जा. पन उभा ऱ्हाऊ नको. आपला बाप बसला व्हता तसा बस, म्हंजे झाला."

हे नीट सांगायला हवं. आमच्या गावात लग्न ठरवताना अंगणात चटया टाकून दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात. गावकीतला जाणता माणूस मधोमध सुपारी ठेवतो आणि विचारतो, "कोनाची हरकत हाय का?" यावर मुलीच्या बापाने उभं राहून "नाय" म्हणायचं. तो उठला की घरचे उठतात, घरच्यांमागून सगळा गाव उठतो, आणि सगळे उभे असताना सुपारी फुटते. बाप बसून राहिला, तर लग्न मोडलं. कारण कुणी विचारत नाही, आवाज कुणी चढवत नाही. पाहुणे चपला शोधतात आणि जातात.

आमची मोठी बहीण कमळ, तिच्या वेळी आमचा बाप बसून राहिला. का, ते आजवर कुणाला ठाऊक नाही. आम्ही विचारलं नाही आणि तो सांगता सांगता राहिला असंही झालं नाही. मी शाळेत जायचो तेव्हा. कमळ आतल्या दाराशी उभी होती एवढं आठवतं. पुढे स्थळं आली ती तिनेच परत पाठवली. ती दादाच्या घरीच राहिली. माझी मनीषा सगळ्या सुट्ट्या तिच्याच मागे मागे फिरून मोठी झाली. दादा मला 'बस' म्हणत होता तेव्हा कमळ पलीकडे सुपात तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

माझं म्हणाल तर मला मुलगी परत हवी होती. जात, धर्म, लोक काय म्हणतील, ही कारणं मी मागाहून गोळा केली. ती विरारला परत येईल, चंदनसारला एखादा दवाखाना काढेल, गणपतीत गावी मोदक वळेल, असं मी मनात धरून चाललो होतो. त्या चित्रात पीटर कुठे बसेना. म्हणून दादाचं म्हणणं मला पटलं. गणपती पोचवून मी आणि सुमन, माझी बायको, निघालो. बसायचं असं ठरवूनच निघालो.

आखलेली वस्ती

ते उपनगर शंभर वर्षांपूर्वी काही भल्या माणसांनी आधी कागदावर काढलं आणि मग बांधलं. हे वाक्य विरारच्या माणसाला समजायला अवघड आहे. आमच्याकडे आधी इमारत होते, मग तिच्याकडे जायला वाट पडते, मग टँकर येतो, आणि सगळ्यात शेवटी गटार कुठून न्यायचं यावर भांडण होतं. तिथे सर्वांत आधी मधोमध एक चौक आणि त्यात चर्च ठेवलं. मग त्याच्या भोवती रस्ते वळवले, रस्त्यांना झाडं लावली आणि झाडांच्या मागे घरं बसवली. घरांना भिंतीचं कुंपण घालायचं नाही, झुडपांचंच हवं. झुडूप किती वाढू द्यायचं याचा नियम. दाराला कुठला रंग द्यायचा याला परवानगी. त्या हद्दीत दारूचं दुकान नाही, किराण्याचंही नाही. कोथिंबीर पाहिजे तर टेकडी उतरून जा. मजुरांनी आणि साहेबांनी शेजारी शेजारी राहावं म्हणून छोटी घरंही मुद्दाम बांधली होती म्हणे. आता त्या छोट्या घरांत मजूर राहू शकेल असं काही राहिलेलं नाही. अशाच एका घराच्या माडीवर मनीषा भाड्याने राहत होती.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सुमनने लुगडं धुतलं आणि समोरच्या झुडपावर वाळत घातलं. गावाला कुंपण असतंच त्यासाठी. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुत्र्याला घेऊन जात होते, ते थांबले आणि म्हणाले, काय सुंदर रंग आहे! सुमन खूश झाली. दुसऱ्या दिवशी तिने दोन लुगडी घातली. ते पुन्हा थांबले. म्हणाले, मागच्या बाजूला ऊन फार छान असतं. आम्ही हसून मान हलवली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले की त्यांना स्वतःला काहीच अडचण नाही, फक्त सहज मनात आलं. संध्याकाळी मी हे कौतुकाने मनीषाला सांगितलं, तर तिने कपाळावर हात मारला.

"पप्पा, ते तीन दिवस नाही म्हणतायत!"

"नाही कुठे म्हणाले? रंग छान म्हणाले."

"तेच नाही असतं इथे. आणि फार कडक नाही होतं ते."

लुगडी मागे गेली. मी ही गोष्ट मनात नोंदवून ठेवली. प्रत्येक मुलखात नकाराची एक रीत असते आणि परक्याला ती दिसत नाही. आपली रीत तिथल्यांना दिसणार नाही, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिला रविवार

वसईची देवळं डोळ्यांसमोर आणा: पांढरीफेक भिंत, मोठं अंगण, झेंडूचे हार, लाल लुगड्यांतल्या म्हाताऱ्या, सणाला बँड आणि आत जागा न मिळालेली माणसं दारात उभी. आता ते सगळं पुसा. हे चर्च लाल विटांचं. छप्पर इतकं खाली उतरलेलं की कौलारू घराची पडवी आठवावी, आणि त्या बुटक्या छपरातून एकदम एक उंच टोकदार मनोरा निघालेला. आत लाकडाचा आणि मेणाचा वास. दोनशे माणसं बसतील एवढ्या बाकांवर तीसेक डोकी, त्यातली बहुतेक पांढरी.

"ही आपल्या वसईसारखी कॅथलिक नाहीत," मनीषाने आदल्या दिवशी समजावलं होतं. "यांच्या एका राजाला बायको सोडून दुसरी करायची होती. पोप नको म्हणाला. मग राजा म्हणाला, जा, माझं चर्च वेगळं."

"म्हणजे हा पंथच लग्नाच्या हरकतीतून निघाला म्हण की."

"पप्पा, प्लीज, हे तिथे नका बोलू."

मी बोललो नाही. पण झगा घालून समोर आली ती बाई निघाली. वसईत हे मी सात जन्मांत पाहिलं नसतं. तिचं नाव कॅरल, आणि सगळे तिला कॅरलच म्हणतात. सुमन माझ्या कानाशी लागली, "हिला फादर म्हनायचा का मदर?" मी म्हटलं, तू काहीच म्हणू नको.

तिथल्या प्रार्थनेत कवायत फार. उठा, बसा, परत उठा, गुडघे टेकल्यासारखं करा, परत उठा. कधी काय ते मला कळेना. मी युक्ती केली. पुढच्या बाकावर एक टकले गृहस्थ होते, त्यांच्याकडे बघून करायचं. ते उठले की मी उठे, ते बसले की मी बसे. सुमन माझ्याकडे बघून करी. असं आमचं बरं चाललं होतं.

प्रवचन झालं, सगळे बसले, आणि कॅरलने दोन नावं वाचली. आमचं पाटील हे आडनाव तिने 'पेटिल' केलं, पण मुलगी आमचीच होती यात शंका नव्हती. ही दोघं याच धर्मग्रामात, म्हणजे या चर्चच्या हद्दीत राहतात, ही पहिली वेळ, यांच्या लग्नाला कायद्याने काही अडचण असल्याचं कुणाला ठाऊक असेल तर सांगावं, असं ती म्हणाली. मग थांबली.

मी बसून राहिलो. टकले गृहस्थ बसले होते म्हणून नाही. मी माझ्या हिशेबाने बसलो होतो, पाठ ताठ करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, जसा आमचा बाप बसला होता.

कॅरल प्रसन्न हसली आणि पुढचं वाचू लागली. प्रार्थना संपल्यावर मागच्या टेबलावर कॉफी होती. रंगाने कॉफी, चवीने कोमट पाणी. त्याबरोबर बिस्किटं आणि अभिनंदनं. प्रत्येक जण येऊन माझा हात हलवत होता. टकल्या गृहस्थांनी तर खांद्यावर थाप मारली. मी आयुष्यातला सगळ्यात मोठा नकार देऊन बसलो होतो आणि लोक मला शुभेच्छा देत होते. तिथे गप्प बसणं म्हणजे होकार असतो. माझा नकार कुणाला पोचलाच नाही.

एकीला पोचला. मनीषा खांबाजवळ कप धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. गावातल्या किती सुपाऱ्या तिने कमळच्या मांडीवर बसून पाहिल्या होत्या! मी बिस्किटात लक्ष घातलं.

मधले दिवस

मंगळवारी सुमनने सुके बोंबील भाजले. ते आणायचे नाहीत असं बजावलं होतं, आणि ते लुगड्याच्या घडीतून आलेच. तव्यावर पहिली बाजू होते न होते तोच छताला चिकटवलेल्या एका पांढऱ्या डबीने असा टाहो फोडला की मी पायऱ्या उतरून रस्त्यावर. सुमन तवा घेऊन माझ्यामागे. वास आमच्याही पुढे. त्या आखीव, फुलझाडांच्या, रंगीत दारांना परवानगी लागणाऱ्या गल्लीत शंभर वर्षांत तसा वास आला नसेल. नेमकी त्याच वेळी पीटरची आई आम्हाला भेटायला येत होती.

मार्गारेट विधवा, उंच, हातात नेहमी कात्री किंवा सुतळी, कारण चर्चमधली फुलं तीच लावते. तिने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा तव्याकडे, माडीवर जाऊन खुर्चीवर चढून डबी बंद केली आणि खाली येऊन विचारलं, हा कोणता मासा? मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. सुमनला इंग्रजी येत नाही, मार्गारेटला मराठी येत नाही. तासाभराने मी डोकावलो तर मार्गारेट फुलं कशी बांधायची ते दाखवत होती आणि सुमन तिला वेणी ओवायला शिकवत होती. बोंबलाचा एक तुकडा मार्गारेटने खाल्ला आणि तो 'फार वेगळा' आहे म्हणाली. म्हणजे काय ते एव्हाना मला कळत होतं.

पीटर मला फिरायला घेऊन गेला. लांब पाय, मोठे कान, बोलताना जमिनीकडे बघायची सवय. भूगोलाचा मास्तर असल्यामुळे त्याने मला वस्ती नकाशासारखी दाखवली. कुठल्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, शेवटाला मनोरा दिसतोच. रस्ते तसेच आखले आहेत, माणूस चुकू नये म्हणून. मी त्याला सांगितलं की विरारला मी नेहमी मोबाईलच्या टॉवरवरून घर ओळखतो. तो हसला नाही, त्याने टॉवर कुठल्या दिशेला ते विचारलं. माणूस वाईट म्हणावा असं काही सापडेना. याचा मला राग येत होता.

परत आलो तेव्हा दाराशी त्याने एकदम जमिनीकडे बघत म्हटलं, "काका, जेवन झाला का?"

मी चमकलो. मनीषाने मराठी शिकवली असेल हे समजू शकत होतो. पण ही फुलपाड्यातली मराठी नव्हती. फुलपाड्यात मनीषा लहानपणी 'जेवन' म्हणाली की इमारतीतली मुलं हसायची, म्हणून तिने ते दारात चप्पल सोडावी तसं सोडून दिलं होतं. विरारला गेली वीस वर्षं तिच्या तोंडून मी गावची बोली ऐकली नव्हती. याला तिने तीच शिकवली.

"पानी पायजे," पीटरने पुढचं वाक्य म्हटलं, आणि ते संभाषणाला धरून नाही असं लक्षात येऊन लाल झाला. त्याला दोनच वाक्यं येत होती.

मी पाणी आणून दिलं.

दुसरा रविवार

पुन्हा तेच बाक, तेच टकले गृहस्थ, तीच कवायत. कॅरलने नावं वाचली, दुसरी वेळ म्हणाली आणि थांबली. यावेळी ते थांबणं मला फार लांब वाटलं. पाठ ताठ ठेवली खरी, पण नजर कुठे ठेवावी ते समजेना. आमचा बाप त्या दिवशी कुठे बघत होता ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. मला आठवत होतं ते आतलं दार.

संध्याकाळी मनीषा भांडी घासत होती, मी पुसत होतो. हे काम विरारला मी कधी केलेलं नाही.

"पप्पा, तुम्ही बसून राहिलात."

"इथे बसायचंच असतं ना? सगळेच बसले होते."

"इथे, हो." तिने एक ताटली माझ्या हातात दिली. "लग्न होणार पप्पा. तुम्ही बसलात तरी होणार, कायद्याने काही अडत नाही. मी फक्त पुढच्या रविवारी तुमच्याकडे बघणार नाही. मला जमत नाही."

एवढंच बोलली. तिने रडावं किंवा भांडावं असं मला वाटत होतं. मग माझ्याकडेही बोलायला काही असतं. ताटली कोरडी झाली तरी मी पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनचं कार्ड घेऊन रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यात गेलो आणि गावी फोन लावला. दादाशी बोलून जरा धीर घ्यावा असा विचार होता. दादा खाचरावर गेला होता. फोन कमळने घेतला.

"उभा ऱ्हायलास?" तिने कसा आहेस, थंडी आहे का, जेवतोस का, काही न विचारता हेच विचारलं.

"नाय अजून. दोन झाले. एक ऱ्हायला."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, ती काहीतरी मोठं बोलणार.

"गुडघं दुखतान का रं तुजं?" कमळ म्हणाली.

"नाय."

"मंग?"

कार्डातले पैसे संपेपर्यंत आम्ही पाऊस, भात आणि म्हशीबद्दल बोललो. खोक्याबाहेर आलो तेव्हा समोर गल्लीच्या शेवटी तो मनोरा होता. कुठूनही दिसतो, म्हटलंच होतं.

तिसरा रविवार

त्या दिवशी त्यांच्याकडे कापणीचा सण होता. नवं पीक देवापुढे मांडायचं. आमच्याकडे नव्या भाताची कणसं दाराला बांधतात, तसंच काहीसं. पण त्या वस्तीत शेत कुठलं! लोकांनी सफरचंदं, भोपळे आणि पिठाची मोठी पेंढी करून भाजलेला पाव आणला होता, आणि बाकी सगळे बंद डबे: वाटाण्याचे, सूपचे, मांजराच्या खाण्याचाही एक. ते नंतर गरजूंना देतात. मला हे पटलं. सुमनने गावच्या खाचरातला तांदूळ स्टीलच्या डब्यात भरून आणला होता. मार्गारेटने तो डबा अगदी मधोमध ठेवला आणि त्याला मोगऱ्याऐवजी कसल्याशा पांढऱ्या फुलांची वेणी गुंडाळली. वेणी बऱ्यापैकी जमली होती.

मग तिने आम्हाला हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं. तिचे पाहुणे म्हणून हा मान. माझी मात्र पंचाईत झाली. पहिल्या बाकापुढे कुणीच नसतं. टकले गृहस्थ आता माझ्या मागे होते आणि उठायचं कधी, बसायचं कधी, ते माझं मला ठरवायचं होतं. दोनदा चुकलो.

मनीषा माझ्या शेजारी होती, तिच्या पलीकडे पीटर आणि मार्गारेट. बोलल्याप्रमाणे ती माझ्याकडे बघत नव्हती. ती तांदळाच्या डब्याकडे बघत होती.

प्रवचन झालं. सगळे बसले. कॅरलने नावं वाचली, यावेळी पाटील जवळपास बरोबर म्हणाली, आणि ही तिसरी व शेवटची वेळ म्हणून प्रश्न विचारला.

मी उभा राहिलो.

मागे कुणाची तरी काठी पडली. कॅरलच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मनीषाने नंतर सांगितलं की असं कुणी उभं राहिलं तर लग्न तिथेच थांबवून चौकशी करावी लागते, आणि कॅरलच्या उभ्या नोकरीत तशी वेळ आली नव्हती. इंग्लंडातल्या चर्चमध्ये त्या क्षणाला फक्त हरकत घेणारा उठतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी उठलोच असतो. आमच्याकडे उठणं म्हणजे काय ते ज्या एकीला कळायचं होतं, तिच्यासाठी मी उठलो होतो.

मी इंग्रजीत बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "नाय," मी म्हटलं. "माजी कायच हरकत नाय."

विटांचं देऊळ मोठं असतं, आवाज घुमतो. कुणालाच काही कळलं नाही. कॅरलने हळू आवाजात विचारलं, सर, तुम्हाला काही कारण माहीत आहे का? मग मला माझं कचेरीतलं इंग्रजी सापडलं. ते आयुष्यभर फाइलींच्या शेवटी लिहिलं होतं. "नो ऑब्जेक्शन," मी म्हणालो. "आय ॲम फादर ऑफ द गर्ल."

तेवढ्यात सुमन उठली. आमच्याकडे बाप उठला की घरचे उठतात. मनीषा उठली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझी बाही घट्ट धरली, लहानपणी बाजारात धरायची तशी. पीटरला काय चाललं आहे याची कल्पना नव्हती. ती उठली म्हणून तो उठला. तो उठला म्हणून मार्गारेट उठली. आणि मागच्या बाकांवरची माणसं जन्मभर पुढच्याकडे बघून उठत आणि बसत आलेली. पहिलं बाक उभं दिसल्यावर ती सगळी उठायला लागली, एका ओळीमागून एक, काठ्या सावरत, पुस्तकं चाळत. ऑर्गनवाल्याला वाटलं आपण झोपलो, गाणं निसटलं. त्याने घाईघाईने सूर धरला आणि कापणीचं गाणं सुरू झालं. लोक गाऊ लागले. कॅरल आधी हसू आवरत होती, मग तिनेही आवरणं सोडलं. मी मागे वळून बघितलं. एकही माणूस बसलेला नव्हता.

सुमनने पर्समधून सुपारी काढून माझ्या हातात ठेवली. ती विरारहूनच घेऊन निघाली होती, मला न विचारता.

लग्नाबद्दल मी लिहीत नाही. लग्नं सगळीकडे सारखीच असतात आणि फोटो घरी आहेत, कधीही या.

त्या रविवारी दुपारी मी पुन्हा फोनच्या खोक्यात गेलो. गावी संध्याकाळ झालेली. फोन पुन्हा कमळनेच घेतला. जवळच बसून असावी.

"उभा ऱ्हायलो," मी म्हटलं.

"आनि मंग?"

"मंग सुमन उठली. पोरगी उठली."

"गाव?"

"सगला उठला."

पलीकडे ती खोकली.

"आपल्या अंगनात कोन नव्हता उठला," कमळ म्हणाली आणि फोन ठेवला.